सॅल्यूटची सवय आणि डोक्यातली हवा

बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. खानापूर-निपाणीकडे कितीतरी घरांत भिंतीवर वर्दीतला फोटो दिसतो. म्हणूनच कुठल्या बड्या अधिकाऱ्याचं बाहेरचं प्रकरण उघडकीस आलं की कट्ट्यावर निदान ठरलेलं असतं : डोक्यात हवा गेली. मला हे निदान बरंचसं पटतं.

अमेरिकेचे जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी इराक आणि अफगाणिस्तानात सैन्याचं नेतृत्व केलं. कडक शिस्तीचा माणूस. पुढे ते सीआयएचे प्रमुख झाले आणि ९ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांना राजीनामा द्यावा लागला. चरित्रलेखिकेशी संबंध होते. तिच्या हाती गोपनीय वह्याही दिल्या होत्या. २०१५ मध्ये त्याबद्दल १ लाख डॉलर दंड झाला.

आपण म्हणतो, घरापासून महिनोन् महिने लांब, मग पाय घसरणारच. नेदरलँड्समध्ये योरिस लामर्स आणि सहकाऱ्यांनी १,५६१ नोकरदारांची पाहणी केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पद जितकं वरचं, तितकी बाहेरख्यालीची शक्यता जास्त. पण त्याचा धागा घरापासूनच्या अंतराशी जुळला नाही, तो आत्मविश्वासाशी जुळला : आपण कुणालाही आवडू शकतो, ही खात्री. स्त्रियांतही हेच आढळलं. हे महत्त्वाचं आहे, कारण ‘पुरुषाची जातच तशी’ म्हणून आपण विषय झटकून टाकतो. अर्थात अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

डेव्हिड ओवेन हे डॉक्टर आणि ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री. जोनाथन डेव्हिडसन यांच्यासह त्यांनी २००९ मध्ये सत्तेच्या या मदाची १४ लक्षणं मांडली. त्यांच्या मते हा मद जन्मजात नसतो, खुर्चीवर बसल्यावर चढतो आणि खुर्ची गेली की बहुधा उतरतो. दिवसभर ‘येस सर’च कानावर पडत असेल, तर चूक दाखवणार कोण?

आपल्याकडे व्यभिचाराचं ४९७ कलम २०१८ मध्ये रद्द झालं, तरी सैन्यात अशा वर्तनावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. ते मला योग्य वाटतं. सैनिक सीमेवर जातो तो मागच्यांच्या भरवशावर.

यशस्वी नेत्यांच्या अशा घसरणीला १९९३ मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी ‘बाथशेबा सिंड्रोम’ म्हटलं. बायबलमधला राजा दावीद फौज लढाईवर धाडून स्वतः महालात राहिला आणि उरिया या आपल्याच सैनिकाच्या बायकोला, बाथशेबाला, त्याने बोलावून घेतलं. मग उरियाला आघाडीवर मरायला उभं करा, असा हुकूम लिहिला. ते पत्र सेनापतीकडे नेलं खुद्द उरियानेच.