ठाण्याहून नाशिकला वाइन सहल: ही वाट पाडली कुणी?

जानेवारी उजाडला की ठाण्यातल्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर नाशिकचा बेत शिजायला लागतो. सकाळी सहाला माजिवड्याला भेटायचं, वाटेत चहा, नाशिकला पोचल्यावर मिसळ, मग गंगापूर धरणाच्या बाजूच्या एखाद-दोन वाइनरी, निवांत जेवण आणि अंधार पडायच्या आत कसारा घाट उतरायचा. जो गाडी चालवणार तो त्या दिवशी ग्लासला हात लावणार नाही, हे आधीच ठरलेलं. तीस वर्षांपूर्वी असा बेत कुणी आखलाच नसता, कारण जायला जागाच नव्हती. ती जागा उभी राहिली यात सरकारी धोरणाचा वाटा आहे, उद्योजकांचा आहे. पण सगळ्यात मोठा वाटा द्राक्ष बागायतदाराचा, असं मला मनापासून वाटतं. सहलीच्या गप्पांत त्याचा विषय फारसा निघत नाही, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

वाइन येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात द्राक्ष होतं. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा. थॉमसन सीडलेस आलं, त्यातूनच सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी सोनाका निवडून काढलं, तासगावच्या बाजूला तास-ए-गणेश तयार झालं. ही सगळी खायची द्राक्षं. पण वेल कशी सांभाळायची ते ज्ञान याच बागांत मुरलं. आपल्याकडे युरोपासारखा बर्फाळ हिवाळा नसल्याने वेल झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. युरोपात सप्टेंबरच्या आसपास होणारी तोडणी इथे जानेवारी ते मार्चमध्ये येते, ती यामुळे. ठाण्यात हवा जरा बरी असते ते दिवस आणि बागेत घड लगडलेले असतात ते दिवस एकच. सहलीचा हंगाम त्या छाटणीनेच ठरवून दिला आहे.

वाइनचे पहिले गंभीर प्रयत्न १९८०च्या दशकातले. नारायणगावला शामराव चौगुले यांची इंडेज ही वाइन कंपनी उभी राहिली, पिंपळगाव बसवंतला पिंपेन. फेसाळ वाइन करायची आणि परदेशात पाठवायची, असा तेव्हाचा विचार होता. पुढे अमेरिकेत शिकून आलेले राजीव सामंत नाशिकला घरच्या जमिनीवर शेती करू लागले आणि कॅलिफोर्नियाचे वाइनमेकर केरी डॅमस्की यांना सोबत घेऊन त्यांनी सुला सुरू केली. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ या जातींच्या त्यांच्या पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या.

त्यानंतर वर्षभरातच, २००१ मध्ये, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. राज्यातल्या द्राक्षांपासून इथेच बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले गेले. २००५ मध्ये सुलाने टेस्टिंग रूम, म्हणजे वाइनरीतच वाइन चाखायची जागा, उघडली, आणि माझ्या मते आपल्या सहलीचा खरा जन्म तिथला. ज्या राज्यात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आजही पायाशी आहे, प्यायला परवाना लागतो आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात, तिथे पिण्याची जागा म्हणजे मंद दिव्यांची परमिट रूम, असंच बहुतेकांच्या मनात होतं. बायको, बहीण, ऑफिसातल्या मैत्रिणी यांच्यासह भर उजेडात, समोर बाग बघत बसता येईल अशी जागा मिळणं, हा फार मोठा बदल होता.

या गोष्टीत एक पडझडही आहे आणि ती विसरू नये. धोरणाच्या भरवशावर अनेक शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं लावली, काहींनी स्वतःच्या वाइनरी काढल्या. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षाअखेर मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतली गर्दी आटली. गोदामांत वाइन पडून राहिली, काही वर्षांतच इंडेज कोसळली, आणि ठरलेला माल उचलणारं कुणी उरलं नाही. वाइनच्या द्राक्षाची अडचण समजायला एक मणी तोंडात टाकून बघावा. शिराझचा मणी बोराएवढाही नसतो, साल जाड, चावताना दाताखाली बी येते. गोडी मात्र खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त, कारण त्या साखरेचाच पुढे अल्कोहोल होतो. असा माल घेऊन शेतकरी वाशीच्या मार्केटला जाऊ शकत नाही, तो तिथे कोण घेणार? नाशिककडे तेव्हा बागाच्या बागा उपटल्या गेल्या.

जे तगले त्यांना दारात येणाऱ्या गिऱ्हाइकाने मोठा हात दिला. आज गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाशेजारी यॉर्क, सोमा आहेत, दिंडोरीला शँडन, इगतपुरी तालुक्यात ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर विरोध उसळला आणि तो अमलात आला नाही. त्यामुळे छोट्या वाइनरीला गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं तर त्यालाच बागेत बोलावणं, हा मार्ग आजही महत्त्वाचा आहे. तोडणी बघायची असेल तर मात्र रात्री मुक्काम करा. फळ थंड राहावं म्हणून घड पहाटेच काढतात आणि ठाण्याची गाडी पोचेपर्यंत क्रेट बहुधा आत गेलेले असतात.

रस्त्याचं म्हणाल तर ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडी तालुक्यातलं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो आणि इगतपुरीकडच्या वाइनरी अर्ध्या दिवसाच्या आवाक्यात आल्या आहेत. वेळ खातो तो आता माजिवडा ते वडपे हा टप्पा, गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांचा. शनिवारी निघणार असाल तर तो सकाळी सातच्या आत मागे टाका.