एनपीटेल

अभियांत्रिकी पदवीचे विषय व्हिडिओ व्याख्यानांतून शिकवणारा, केंद्र सरकारच्या पैशावर चालणारा भारतीय उपक्रम. मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, गुवाहाटी व रुरकी या सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून तो २००३ मध्ये सुरू केला.

मूळ अडचण शिक्षकांची होती. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली, इतर राज्यांतही पुढे तीच लाट आली. इमारती उठल्या, वर्ग भरले. पण थर्मोडायनॅमिक्स किंवा कंट्रोल सिस्टिम मुरवून शिकवणारा माणूस काही बांधकामाच्या वेगाने तयार होत नाही. कालपरवा पदवी घेतलेली मुलेच पुष्कळ ठिकाणी फळ्यापुढे उभी राहिली. आयआयटीतला वर्ग चित्रित करून सगळ्यांपुढे ठेवावा, ही कल्पना त्यातून आली. व्याख्याने यूट्यूबवर फुकट ठेवली गेली. जुन्या चित्रफितींत थाटमाट काही नाही: समोर कॅमेरा, मागे फळा किंवा हाताने लिहिलेला कागद, आणि एकेका गणितावर शांतपणे घालवलेला जवळजवळ तास. विद्यार्थ्यांइतकेच तरुण प्राध्यापकही ती पाहत आले आहेत. दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी त्यावरच होते, हे कोणत्याही स्टाफरूममध्ये ऐकायला मिळेल.

तरीही बरीच वर्षे ही व्याख्याने म्हणजे केवळ एक उत्तम ग्रंथालय होते. अडलेला विद्यार्थी तिथे जाई, बाकीचे जात नसत. चित्र बदलले ते २०१४ पासून, प्रमाणपत्र अभ्यासक्रम आल्यावर. चार, आठ किंवा बारा आठवड्यांच्या या अभ्यासक्रमात दर आठवड्याला व्याख्याने आणि एक असाइनमेंट असते. नोंदणी फुकट, परीक्षेला मात्र शुल्क. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. आणि ही परीक्षा घरी बसून देता येत नाही, ओळखपत्र घेऊन केंद्रावर जावे लागते.

उपक्रमाची पत या शेवटच्या अटीवर उभी आहे. असाइनमेंटची उत्तरे मुदत संपण्याआधीच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, व्याख्याने दीडपट वेगाने ‘पाहिली’ जातात. पण केंद्रावर पर्यवेक्षक आपल्या कॉलेजचा नसतो. शिकवणे ऑनलाइन आणि मोजणे समोरासमोर, ही विभागणी दिसायला जुनाट असली तरी योग्यच म्हणावी लागेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी अशा अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा दिली. २०२१ मध्ये मर्यादा ४० टक्क्यांवर गेली. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर अभियांत्रिकी विषयांची जबाबदारी एनपीटेलकडेच आहे. महाविद्यालयांतून त्याचे ‘लोकल चॅप्टर’ म्हणजे स्थानिक शाखा असतात आणि समन्वयक मुलांच्या मागे लागून नोंदणी करून घेतात. ओपन इलेक्टिव्हसाठी, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयासाठी, शिक्षक नसला, की “एनपीटेल करा” हे ठरलेले उत्तर. ज्या उणिवेवर उपाय शोधला, ती तशीच ठेवायला तोच उपाय सबब होतो, हा यातला धोका.

प्रात्यक्षिकांचा प्रश्न व्याख्यानांनी सुटत नाही. त्यासाठी केंद्र सरकारचा ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ हा वेगळा प्रकल्प असून त्यात आयआयटींबरोबर पुण्याचे सीओईपीही (पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, २०२२ पासून विद्यापीठ) सहभागी आहे. विद्युत मंडल जोडणे किंवा विद्युत संदेशाचा (सिग्नलचा) आलेख पाहणे पडद्यावर चांगले जमते. पोलादाची सळई तुटेपर्यंत ओढून पाहण्याच्या ताणचाचणीचे तसे नाही. खऱ्या यंत्रात सळई जबड्यातून घसरते, ती पुन्हा आवळावी लागते, मग एका जागी तिची मान बारीक होत जाते आणि मोठा आवाज होऊन ती तुटते. पडद्यावरची सळई दर वेळी पुस्तकातल्या आलेखाप्रमाणेच वागते. सळई घसरल्याने चुकलेले मोजमाप ओळखून ते टाकून द्यायचे की ठेवायचे, हे ठरवण्याची वेळ तिथे विद्यार्थ्यावर येत नाही.