अमूर्त चित्र फ्रेम करण्याआधी: गायतोंडेंच्या निमित्ताने

अमूर्त चित्र फ्रेमिंगला आणणारे ग्राहक आम्हाला हमखास विचारतात, "यात नेमकं काय बघायचं?" आमचं उत्तर असतं, आधी रंग कसा बसलाय ते बघा. हे समजून घ्यायला वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा चित्रकार नाही, आणि ते आपल्या गिरगावात राहिलेले!

नागपूरला १९२४ साली जन्मलेल्या गायतोंडेंनी १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. तेव्हा त्यांच्या चित्रांत माणसं होती, ठाशीव रेषा होत्या. भारतीय लघुचित्रांचा आणि स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ली यांचा प्रभाव दिसायचा. पन्नासचं दशक सरता सरता आकृत्या गेल्या, रंग आणि प्रकाश उरला. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिप या अमेरिकन शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. झेन या बौद्ध पंथाच्या विचारांची ओढही त्यांना होती.

त्यांची खरी करामत हाताच्या कामात आहे. ब्रशपेक्षा रोलर आणि पेंटिंग नाइफवर (रंग लावायच्या बोथट सुरीवर) त्यांची भिस्त. तैलरंगाचा थर रोलरने पसरायचा, नाइफने खरवडायचा, त्यावर पुन्हा थर. पुढे कागदाचे फाडलेले तुकडे वापरूनही ते कॅनव्हासवर आकार उमटवत. म्हणून लांबून एकरंगी वाटणारं चित्र जवळ गेल्यावर आतून उजळल्यासारखं दिसतं. काम सावकाश चाले. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रं पुरी होत.

असं थरांचं तैलचित्र तुमच्याकडे असेल, तर शक्यतो काच लावू नका. काचेत खिडकीच दिसते, थर दिसत नाहीत. कडाही झाकू नयेत. अमूर्त चित्रात कडेचा रंग फार मोलाचा असतो. त्यासाठी आम्ही फ्लोटर फ्रेम सुचवतो, तिच्यात कॅनव्हास चारही बाजूंनी मोकळा राहतो. कागदावरच्या चित्राला मात्र माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि काच हवीच. मुंबईच्या पावसाळ्यात भिंत ओल धरते, तेव्हा फ्रेमच्या मागे बुचाचे छोटे तुकडे लावून ती भिंतीपासून थोडी दूर ठेवा, म्हणजे हवा खेळती राहते. थेट ऊन नको.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी जोडलेल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडेंची चित्रं आहेत. ती प्रदर्शनात मांडलेली असतील तेव्हा जरूर बघा, आणि पुढून बघून झालं की बाजूला सरकून तिरक्या नजरेनेही बघा.

आणखी एक. गायतोंडे अनेकदा कॅनव्हासच्या मागे देवनागरीत सही करत. तुमच्या चित्रामागे काही लिहिलेलं असेल, तर त्यावर चिकटपट्टी लावू नका, पुसूही नका. आहे तसंच आमच्याकडे घेऊन या.