फॅमिली डॉक्टर शिकतो कुठे आणि दवाखाना टाकतो कुठे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून एक चक्कर मारा. दवाखान्यांच्या पाट्यांवर बीएएमएस आणि बीएचएमएस हीच अक्षरं जास्त दिसतील. एमबीबीएस दिसलंच, तर त्याला जोडून एमडी, एमएस, डीसीएच असं काहीतरी असतं आणि पाटी दवाखान्याची नसून हॉस्पिटलची असते. पोराच्या तापापासून आजीच्या बीपीपर्यंत सगळं बघणारा, घरातल्या तीन पिढ्यांना नावानिशी ओळखणारा डॉक्टर बहुतेक वेळा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. हे असं का झालं, याची मुळं ब्रिटिश अमदानीत आहेत.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. १८५१ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी लाड होते. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. थोडा काळ सरकारी नोकरी करून त्यांनी मुंबईतच स्वतंत्र व्यवसाय मांडला आणि नाव कमावलं. पण एका कॉलेजातून निघणाऱ्या मूठभर पदवीधरांवर इलाख्याचं भागण्यासारखं नव्हतं. सरकारला सिव्हिल सर्जनच्या हाताखाली राबणारी, कमी पगारावर जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन राहणारी माणसं हवी होती. म्हणून ग्रँट कॉलेजात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले. पुढे मराठी वर्ग पुण्याला गेला, गुजराती अहमदाबादला, आणि दोन्हीकडे बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळा उभ्या राहिल्या. शरीरशास्त्र मराठीतून शिकून डॉक्टरी करणारी एक पिढी या राज्यात होऊन गेली, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

नागपुरात १९१४ साली मेयो हॉस्पिटलला जोडून रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं. मिरजेत अमेरिकन मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारलं आणि त्याच्याच आवारात विद्यार्थी तयार करायला घेतले. १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झालं आणि ‘एलसीपीएस’ ही अक्षरं पाट्यांवर आली. जुन्या मंडळींच्या आठवणीतले डॉक्टर बरेचदा हेच: एलसीपीएस किंवा एलएमपी, म्हणजे पदवी नव्हे तर व्यवसायाचा परवाना मिळालेले ‘लायसेन्शिएट’. अभ्यासक्रम पदवीपेक्षा आखूड, फी कमी, त्यामुळे मध्यम ऐपतीच्या, तालुक्यातल्या घरांतली मुलंही तिथे पोचत. शिकून झालं की ती आपल्या मुलखात परतत. दवाखाना म्हणजे पुढची खोली आणि मागे पडद्याआड कंपाउंडर. तो बाटलीत लाल मिक्श्चर भरणार आणि डोस कळावा म्हणून बाटलीला कात्रीने दाते पाडलेली कागदाची पट्टी चिकटवणार. पेशंटने बाटली घरून आणायची.

या लोकांना गावात टिकवून ठेवण्याचीही एक युक्ती होती. मद्रास इलाख्यात १९२४ पासून, आणि नंतर आपल्याकडेही, डॉक्टरला खेड्यात दवाखाना चालवण्यासाठी ठरावीक अनुदान द्यायचं, औषधांना थोडी मदत करायची आणि बाकी खासगी प्रॅक्टिस त्याची त्याला करू द्यायची, अशी योजना होती. आपल्या जुन्या जिल्हा गॅझेटिअरांत ‘एस. एम. पी. केंद्रं’ (सबसिडाइज्ड मेडिकल प्रॅक्टिशनर) म्हणून जी नोंद सापडते ती हीच. डॉक्टर नोकरही नाही आणि पूर्ण वाऱ्यावरही नाही. माझ्या मते ही व्यवस्था होती त्यापेक्षा जास्त नीट चालवायला हवी होती.

लायसेन्शिएटांचं दुःख वेगळं होतं. काम तेच, मान मात्र दुय्यम. १९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने त्यांना अखिल भारतीय पातळीवर जागाच दिली नाही. गोव्यातही तोच प्रकार. पणजीच्या १८४२ च्या वैद्यकीय शाळेतून शिकलेले डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये पाठवले जात, पण लिस्बनच्या पदवीधराखालीच राहत.

मग १९४६ साली, देशातल्या आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या भोर समितीचा अहवाल आला. देशात तेव्हा नोंदलेले सुमारे ४७ हजार डॉक्टर होते आणि त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश लायसेन्शिएट. समितीने सांगितलं, दोन प्रतीचे डॉक्टर नकोत. एकच पूर्ण शिकलेला ‘बेसिक डॉक्टर’ हवा. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवलं: डॉक्टर इतके कमी असताना हे अभ्यासक्रम आत्ताच बंद करू नका. ते मागे पडलं. पुण्याची बी. जे. शाळा १९४६ मध्येच कॉलेज झाली, नागपूरला १९४७ मध्ये नवं मेडिकल कॉलेज आलं, आणि लायसेन्शिएट हा वर्गच हळूहळू संपला. समतेच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण भोर समितीचा बेसिक डॉक्टर गावात राहून लोकांचं आरोग्य राखणारा होता. कॉलेजांतून निघाला तो मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात वाढलेला, विशेषज्ञांच्या मागे राउंडला फिरलेला. साडेपाच वर्षांत त्याला जनरल प्रॅक्टिस करणारा एकही शिक्षक भेटत नसे. त्याने पुढे विशेषज्ञच व्हायचं ठरवलं, तर त्यात नवल काय?

सरकारने उपाय केले, नाही असं नाही. १९६९ मध्ये सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस निघालं. तिथे विद्यार्थ्यांना खेडं दत्तक देत, आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अट घातली. १९७४ मध्ये अंबाजोगाईला मुद्दाम ग्रामीण म्हणूनच वैद्यकीय महाविद्यालय काढलं. सरकारी एमबीबीएसला एक वर्षाच्या सेवेचा बॉण्ड आला, मोडणाऱ्याला दहा लाख रुपये दंड ठेवला. बॉण्डचं वर्ष मात्र बरेच जण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेची पुस्तकं उघडून काढतात. मेळघाटातल्या बैरागडला जाऊन राहिलेले डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरचेच विद्यार्थी, पण तो अपवाद. त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे होमिओपॅथीच्या डॉक्टर, आणि २०१९ ची पद्मश्री दोघांना मिळून होती.

मोकळी झालेली जागा भरली ती दुसऱ्याच वाटेने. पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं होतं. आयुर्वेद शुद्ध शिकवायचा की आधुनिक वैद्यकासह मिश्र, यावर वैद्यांमध्ये अनेक वर्षं हमरीतुमरी चालली. महाराष्ट्रात मिश्र शिकलेल्यांची संख्या मोठी राहिली, आणि राज्याच्या १९६१ च्या वैद्यकव्यवसायी कायद्याने व १९९२ च्या अधिसूचनेने त्यांना ॲलोपॅथीची औषधं देण्याचा आधार मिळाला. होमिओपॅथीवाल्यांना तो नव्हता. ॲलोपॅथी देणाऱ्या मुंबईच्या एका होमिओपॅथ डॉक्टरला १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं. तोवर वसंतदादा पाटलांच्या काळात, १९८३ च्या सुमारास, विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं होतं. इंजिनिअरिंगच्या गाजावाजात आयुर्वेद आणि होमिओपॅथीची कॉलेजंही जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली.

पण हे डॉक्टर ॲलोपॅथी खरी शिकले कुठे? खासगी नर्सिंग होममध्ये, रात्रपाळीला. आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून लागायचं, पगार बेताचा, झोपायला जिन्याखालची खोली. रात्री दोनला दम्याचा पेशंट आला की सिस्टरला विचारून नेब्युलायझर लावायचं, मग सरांना फोन. सर जे सांगतील ते लिहून घ्यायचं. दोन-तीन वर्षांत कुठल्या तापाला काय द्यायचं, सलाइन कधी लावायचं, आणि मुख्य म्हणजे कुठला पेशंट आपल्या हातात ठेवायचा नाही, हे अंगवळणी पडतं. याला कुठलंही सर्टिफिकेट नाही. राज्यातल्या पुष्कळ फॅमिली डॉक्टरांची हीच खरी शाळा आहे.

जागाही बहुतेक वेळा या शाळेवरूनच ठरते. ज्या सरांकडे आरएमओगिरी केली, त्यांच्या हॉस्पिटलला पेशंट पाठवता येतील एवढ्या अंतरावर दवाखाना टाकायचा. त्यातून कट प्रॅक्टिसचं, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याचं, दुखणंही आलं. बाकी हिशेब साधे: वडिलांचं किंवा सासऱ्यांचं गाव, शेजारी मेडिकलचं दुकान, एसटी स्टँड जवळ, आठवडी बाजार कुठल्या वारी. जोडप्यातले दोघेही डॉक्टर असतील तर मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी राहून रोज पुढच्या खेड्यात जाऊन येतात.

फॅमिली मेडिसिन हा स्वतंत्र विषय देशात नाही असं नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची त्यातली डीएनबी ही पदव्युत्तर पात्रता पूर्वीपासून आहे. केरळातल्या कोळिकोडच्या सरकारी कॉलेजात २०१२ च्या सुमारास एमडी सुरू झालं. पण जागा इतक्या थोड्या की तालुक्याच्या पाटीवर ती अक्षरं दिसणं दुर्मीळच. त्याऐवजी महाराष्ट्राने २०१४ मध्ये होमिओपॅथी कायद्यात दुरुस्ती केली आणि होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम काढला. २०२५ मध्ये तो पूर्ण केलेल्यांची, ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी नोंद करायचं ठरलं, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशन या ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला, संप झाला. रुग्णाच्या जिवाची त्यांची काळजी रास्त आहे. पण या संघटनेच्या सभासदांतलेच अनेक जण आपल्या नर्सिंग होमची रात्रपाळी याच डॉक्टरांच्या भरवशावर चालवतात, त्याविरुद्ध संप झाल्याचं काही ऐकिवात नाही.