एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक : वेळापत्रकातील तीन ‘रिकाम्या’ दिवसांविषयी

आमच्या बेस कॅम्प ट्रेकचे पंधरा दिवसांचे वेळापत्रक हाती पडले की बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न एकच असतो. नामचे बाजारला दोन रात्री, दिंगबोचेला दोन रात्री आणि शेवटी काठमांडूत एक मोकळा दिवस कशासाठी? हे तीन दिवस गाळले तर बारा दिवसांत घरी पोहोचता येईल आणि रजाही वाचेल, असा त्यामागचा हिशेब असतो. विचारणारे बरेच जण हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढून आलेले असतात, त्यामुळे त्यांच्या दमाविषयी आम्हाला शंका नसते. तरीही या तीन दिवसांना आम्ही हात लावू देत नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे. चालण्याच्या दुसऱ्याच दिवशी आपण ज्या नामचेला मुक्कामाला पोहोचतो, ते ३,४४० मीटरवर, म्हणजे त्याच्या दुपटीहूनही उंच आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा रूढ वैद्यकीय सल्ला आहे. पहिल्या मुक्कामाच्या फाकदिंगहून नामचेला येताना आपण एका दिवसात सुमारे ८०० मीटर चढतो, म्हणून तिथे थांबणे भाग असते. बेस कॅम्पच्या ५,३६४ मीटर उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, आणि त्याची सवय शरीराला सरावाने आधी लावून घेता येत नाही. उलट आमचा अनुभव असा, की तंदुरुस्त मंडळीच सर्वांच्या पुढे जातात, डोके दुखत असल्याचे, म्हणजे उंचीच्या त्रासाचे पहिले लक्षण, रात्रीपर्यंत सांगत नाहीत आणि मग संपूर्ण गटाचा खोळंबा होतो.

शिवाय नामचेचा दिवस झोपून काढायचा नसतो. सकाळी स्यांगबोचेच्या धावपट्टीवरून आपण ३,७९० मीटरवरील खुमजुंगला चढतो आणि दुपारी उतरून पुन्हा नामचेलाच झोपतो. वर जाऊन खाली झोपल्याने शरीर लवकर रुळते. खुमजुंग हे शेर्पांचे जुने गाव आहे. सर एडमंड हिलरी यांनी १९६१ मध्ये सुरू केलेली शाळा येथेच आहे आणि गावामागे उभा असलेला खुंबिला पर्वत शेर्पांना इतका पवित्र, की त्यावर कोणी चढत नाही. दगडी गडग्यांच्या आत बटाट्याचे वाफे, दाराशी रचलेल्या शेणी आणि चुलीपाशी कच्चा बटाटा किसत बसलेली आजी, हे येथील नेहमीचे दृश्य आहे. त्या किसात पीठ कालवून तव्यावर जाडसर थापलेले रिकिकुर लोणी आणि तिखट चटणीबरोबर समोर आले, की आपल्याकडच्या थालीपिठाची आठवण होते. वाटेतील मणी-भिंती (प्रार्थना कोरलेल्या दगडांच्या भिंती) नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे आणि शेर्पा घरातील चुलीत कचरा टाकू नये, एवढे मात्र कृपया पाळावे.

दिंगबोचेचा दुसरा दिवसही असाच, लगतच्या धारेवर चढून उतरण्याचा असतो. धारेपलीकडच्या फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे आणि हंगामात तेथे डॉक्टर असतात, हा आणखी एक आधार आहे.

खरी अडचण होते ती तिसऱ्या दिवसाची. स्वस्त तिकीट दिसले म्हणून ग्राहक आम्हाला न विचारता काठमांडूहून मुंबईचे परतीचे तिकीट काढतात, आणि तेही लुकलाहून, म्हणजे ट्रेक जिथे सुरू होतो आणि संपतो त्या विमानतळावरून, परतण्याच्याच दिवसाचे. लुकलाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर आहे. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. वैमानिक डोळ्यांनी पाहूनच विमान उतरवतात, त्यामुळे ढग आले की उड्डाणे बंद होतात, आणि दुपारी ढग येतातच. गर्दीच्या हंगामात बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावर उतरतात. तेथून गाडीने काठमांडू चार-पाच तास. आमच्या एका गटातील जोडप्याने असेच तिकीट काढले होते. दोन दिवस ढग हटले नाहीत, तिकीट वाया गेले आणि हेलिकॉप्टरचा खर्च अंगावर पडला. त्याच गटातील बाकीच्यांनी एक दिवस हाताशी ठेवला होता. त्यांना तिकिटाची तारीख फक्त एकदा पुढे ढकलावी लागली. विमान वेळेवर आले, तर हा दिवस बौद्धनाथ आणि पाटण पाहण्यात जातो. त्या रात्रीचे हॉटेल आमच्या शुल्कातच धरलेले आहे.

बारा दिवसांत हा ट्रेक करून देणाऱ्यांपेक्षा आमचे शुल्क जास्त का, याचे उत्तरही याच तीन मुक्कामांत आहे. त्याशिवाय दर पाच जणांमागे एक शेर्पा गाईड आणि दर दोघांमागे एक पोर्टर आम्ही देतो. पोर्टरच्या पाठीवर जाणारे तुमचे सामान प्रत्येकी दहा किलोपेक्षा जास्त नसावे. यात आम्ही सवलत देत नाही.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, मात्र विमानप्रवासात पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यावी की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तिकीट काढण्याआधी आपल्या रजेच्या तारखा आम्हाला कळवाव्यात. परतीची तारीख आम्ही लेखी कळवू आणि त्यानंतरच पैसे भरावेत. रजा बाराच दिवसांची असेल, तर नामचे, खुमजुंग आणि तेंगबोचेपर्यंतचा आमचा दहा दिवसांचा ट्रेक आहे. त्यातही नामचेच्या दोन रात्री आहेतच.