पार्श्वभूमी : २८० चौरस मीटरांचा रविवार

इंग्लंडमधल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये रविवारी सकाळी साडेदहाला गेल्यास बऱ्याच ठिकाणी दार उघडे असते, दिवे लागलेले असतात आणि लोक ट्रॉल्या भरत हिंडत असतात. फक्त पैसे घेणारे काउंटर बंद असतात. अकराला पाच मिनिटे कमी असताना भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली दिसते, पण ठोक्याला अकरा वाजेपर्यंत दुधाची एक बाटलीही विकली जात नाही. कायद्याने मोजून दिलेले सहा तास विक्रीचे आहेत, माल पाहत फिरण्याचे नाहीत, असा अर्थ दुकानदारांनी लावला आणि तो चालवून घेतला गेला. संध्याकाळी पाचला हे दुकान बंद होते, तर त्याच कंपनीची दोन गल्ल्या पलीकडची छोटी शाखा रात्री उशिरापर्यंत चालू राहते. मोठ्या दुकानांना रविवारी आणखी वेळ द्यावा की नाही, हा वाद इंग्लंड आणि वेल्समध्ये दर काही वर्षांनी उफाळतो, आणि त्याची मुळे रविवारच्या पावित्र्यापेक्षा जागेच्या मोजमापात अधिक सापडतात.

रविवारच्या व्यापारावरील निर्बंध शतकानुशतकांचे आहेत. १६७७ च्या कायद्याने त्या दिवशीचा सांसारिक धंदा निषिद्ध ठरवला होता आणि त्यामागची प्रेरणा उघडच धार्मिक होती. विसाव्या शतकात त्याच निर्बंधाला दुकानातील नोकरांच्या विश्रांतीचे दुसरे कारण जोडले गेले. १९३६ च्या कायद्यातील तरतुदी पुढे १९५० च्या दुकान कायद्यात सामावल्या गेल्या, आणि आजच्या वादाची खरी सुरुवात तेथूनच होते.

१९५० च्या कायद्याचा मूळ नियम एका ओळीचा होता : रविवारी प्रत्येक दुकान बंद राहील. अडचण झाली ती अपवादांच्या यादीमुळे. ताजे दूध विकण्यास परवानगी होती, पण डब्यातील किंवा भुकटीच्या दुधास नव्हती. मद्य विकता येत होते. वृत्तपत्रे आणि मासिके चालत, पुस्तके मात्र केवळ मोठ्या रेल्वे आणि बस स्थानकांवरील किंवा विमानतळांवरील स्टॉलवरच; त्यामुळे नाक्यावरच्या दुकानात अश्लील मासिक कायदेशीरपणे मिळे आणि बायबल मिळत नसे. शिजवलेले अन्न विकता येई, परंतु तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी हा देशाचा आवडता पदार्थ त्यासाठीच असलेल्या दुकानातून विकण्यास बंदी होती. तबेल्यात किंवा खाणावळीत घोड्याचा आणि गाढवाचा चारा आणि इतरत्र विमानाचे सुटे भाग यांना मात्र मुभा होती. शनिवारी दुकान बंद ठेवणाऱ्या ज्यू दुकानदारांना रविवारी दुपारी दोनपर्यंत विक्री करता येत असे. या यादीची टिंगल करणे सोपे होते आणि ती भरपूर झाली. कायद्याचे खरे नुकसान शत्रूंपेक्षा या यादीनेच केले, असे म्हणावे लागते.

१९८४ मध्ये सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने सर्व निर्बंध उठवावेत, अशी शिफारस केली. त्यानुसार मांडलेले विधेयक १४ एप्रिल १९८६ रोजी कनिष्ठ सभागृहात दुसऱ्या वाचनालाच २९६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळले गेले. सत्ताधारी हुजूर पक्षाकडे १४० च्या आसपास मताधिक्य असतानाही त्याच्याच ७२ सदस्यांनी विरोधात मतदान केले. मुक्त बाजारपेठेच्या त्या सरकारला बाजाराच्याच प्रश्नावर मिळालेला हा धक्का होता. तो देणाऱ्या आघाडीत चर्चची मंडळी आणि कामगार संघटना एकाच बाजूला उभ्या होत्या, आणि एरवी त्यांचे फारसे जमत नसे.

यानंतरची सात-आठ वर्षे कायदा कागदावर राहिला. घरदुरुस्तीचे सामान आणि बागकामाची अवजारे विकणाऱ्या मोठ्या साखळ्या रविवारी सर्रास उघडू लागल्या, कारण दंडाची रक्कम एका दिवसाच्या गल्ल्यापुढे किरकोळ होती. खटले भरणे ही स्थानिक नगरपालिकांची जबाबदारी होती, तेव्हा दुकानांनी युरोपीय कराराचा आधार घेतला. रविवारी दुकान बंद राहिल्यास इतर सदस्य देशांतून आलेला मालही कमी खपतो, म्हणून ही बंदी आयातीवरचा छुपा निर्बंध ठरते, असा युक्तिवाद वेल्समधील टॉरफेन येथील प्रकरणात झाला. १९८९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्बंध योग्य प्रमाणात आहे की नाही, हे देशातील न्यायालयांनी ठरवावे, असे सांगितले. परिणामी एका गावात दुकान दोषी ठरले, तर दुसऱ्या गावात सुटले. मनाई हुकूम मागावा आणि पुढे खटला हरल्यास नुकसानभरपाई अंगावर यावी, या भीतीने अनेक नगरपालिका हात आखडून बसल्या. डिसेंबर १९९२ मध्ये त्याच न्यायालयाने बंदी वैध असल्याचे स्पष्ट केले, परंतु तोपर्यंत नाताळापूर्वीच्या रविवारी मोठी दुकाने उघडी असणे ग्राहकांच्या अंगवळणी पडले होते.

८ डिसेंबर १९९३ रोजी सभागृहापुढे एकच प्रस्ताव न ठेवता पर्याय ठेवण्यात आले आणि सदस्यांना मुक्त मतदानाची मुभा मिळाली. संपूर्ण मोकळीक मोठ्या फरकाने फेटाळली गेली, रविवार जपण्याचा पर्याय थोडक्यात हुकला, आणि मोठ्या दुकानांना सहा तास हा मधला मार्ग ३३३ विरुद्ध २५८ मतांनी संमत झाला. याला निर्णायक बळ मिळाले ते दुकान-कामगारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने भूमिका बदलल्यामुळे. १९८६ मध्ये विरोधात उभी राहिलेली ही संघटना आता सहा तासांना राजी झाली. बदल्यात तिला रविवारी काम नाकारण्याचा कायदेशीर हक्क हवा होता, आणि रविवारच्या वाढीव पगाराबाबत मोठ्या कंपन्यांनी आश्वासने दिली होती. हक्क कायद्यात आला आणि अजून आहे : तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन दुकानातील नोकर रविवारच्या कामातून बाहेर पडू शकतो. वाढीव पगार मात्र कायद्यात आला नाही. नव्याने भरती होणाऱ्यांना तो कमी मिळू लागला आणि कालांतराने बहुतेक ठिकाणी संपला. त्या सौद्यावर मत देताना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, म्हणून येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

नवा कायदा २६ ऑगस्ट १९९४ रोजी लागू झाला. यापुढचा सगळा वाद त्यातील ‘मोठे दुकान’ या एका शब्दप्रयोगाभोवती फिरत आला आहे. ज्याचे संबंधित क्षेत्रफळ २८० चौरस मीटरांपेक्षा, म्हणजे सुमारे ३,००० चौरस फुटांपेक्षा अधिक, ते मोठे दुकान. त्याला रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत सलग सहा तास, आणि ईस्टरच्या रविवारी पूर्ण बंद. त्याहून लहान दुकानांवर वेळेचे बंधन नाही. ‘संबंधित’ या शब्दात बरेच काही दडलेले आहे. गोदाम, कर्मचाऱ्यांची खोली, कार्यालय ही जागा मोजली जात नाही. इमारतीबाहेरचे मोकळे आवार मोजले जात नाही, त्यामुळे रोपवाटिकेचे उघड्यावरचे वाफे सुटतात. दुकानात बसून खाण्याचा कोपराही सुटतो, कारण तेथे खाल्लेले जेवण या कायद्यापुरते ‘मालाची विक्री’ नव्हे. मग रविवारी अर्ध्या दुकानाला दोरी बांधून ते लहान करता येईल काय? येत नाही. त्या रविवारी संपणाऱ्या संपूर्ण आठवड्यात जी जागा विक्रीसाठी किंवा माल मांडण्यासाठी वापरलेलीच नसेल, तेवढीच वगळता येते. शिवाय विमानतळ, रेल्वे स्थानके, पेट्रोल पंप, महामार्गावरील थांबे आणि केवळ औषधे विकणारी औषधालये यांना आकार कितीही असला तरी सूट आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही पट्टी चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवण्यास मुभा दिली, पण कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेवली, आणि तो कायदा लागू करताना उंबरठा ठरवला तो दहा कामगारांचा. म्हणजे येथे माणसे मोजली गेली, तेथे फरशी मोजली गेली. फरशी मोजण्याचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. छोट्या दुकानदाराला थोडा आडोसा मिळावा, हा मर्यादेमागचा एक हेतू होता. वेम्ब्ली-लेस्टरसारख्या भागांत अशी कोपऱ्यावरची कित्येक दुकाने भारतीय वंशाच्या कुटुंबांची आहेत. परंतु बड्या साखळ्यांनी मर्यादेच्या किंचित आत बसणाऱ्या शाखा गल्लोगल्ली उघडल्या, आणि आडोशाखाली तेही येऊन उभे राहिले.

लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने २०१२ मध्ये आठ रविवारांपुरती मर्यादा उठवण्यात आली. ती तात्पुरती असल्याचे तेव्हा बजावून सांगितले गेले होते. तीन वर्षांतच कायमस्वरूपी बदलाचा प्रस्ताव आला. सर्व देशाला एक नियम न लावता वेळ वाढवण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. वरिष्ठ सभागृहात आधीच संमत झालेल्या दुसऱ्याच एका विधेयकात ही कलमे उशिरा घुसवण्यात आली, आणि विरोधकांइतकाच तो प्रकार सरकारच्या पाठीराख्यांनाही खटकला. शेवटच्या क्षणी सरकारने मोजक्या भागांत आधी प्रयोग करून पाहण्याची तयारी दाखवली, पण ती दुरुस्ती वेळेत न आल्याने चर्चेला घेतली गेली नाही. ९ मार्च २०१६ रोजी प्रस्ताव ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडला.

या मतदानात स्कॉटलंडच्या राष्ट्रवादी सदस्यांची मते निर्णायक ठरली, आणि हा मर्यादेचा नियम तर स्कॉटलंडला लागूच नाही. तेथे अशी बंदी कधी नव्हतीच. मोठी दुकाने रविवारी दिवसभर उघडी असतात. स्वतःकडे असलेली मोकळीक इंग्लंडला नाकारणे हा दुटप्पीपणा असल्याची टीका झाली. त्यांचे उत्तर पगाराचे होते : साखळ्या देशभर एकच वेतन ठरवतात, इंग्लंडमध्ये रविवार सहा तासांचा आहे तोवर त्या दिवसाचा वाढीव दर देणे त्यांना परवडते, आणि तेथे तास वाढले की स्कॉटिश कामगाराचाही वाढीव दर जाईल. हा हिशेब कितपत बरोबर होता, यावर अजून एकमत नाही. पण रविवारच्या वादात ग्राहकाची सोय बोलण्यात पुढे असते आणि सभागृहातील गणित काउंटरमागच्या माणसामुळे बदलते, हे १९९३ प्रमाणे तेव्हाही दिसले. २०२० मध्ये करोनाच्या काळात मर्यादा वर्षभर स्थगित ठेवण्याचा विचार पुन्हा पुढे आला आणि सत्ताधारी पक्षातील नाराजीमुळे मागे पडला.

त्याच स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या लुईस बेटावर, कायद्याची कोणतीही आडकाठी नसताना, स्टॉर्नोवे गावातील मोठे सुपरमार्केट केवळ तेथील धार्मिक रिवाजाखातर रविवारी बंद राहत असे. ते रविवारी उघडू लागले नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि तेही स्थानिकांचा विरोध पत्करून.