लाल बाटली, निळी बाटली

सांगलीत विश्रामबागेच्या आतल्या गल्ल्यांतून सकाळी फिरायला निघालं की चार-पाच घरांआड एखाद्या फाटकाशी बाटली ठेवलेली दिसते. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, आत लाल पाणी. कुणी कुंकू कालवतं, कुणी खायचा रंग. कुत्रं लाल रंगाला भितं, म्हणून पायरीशी घाण करत नाही, असा त्यामागचा हिशेब. आमच्या समोरच्या काकूंनी मध्यंतरी लाल पाणी ओतून दिलं आणि नीळ घातली. विचारलं तर म्हणाल्या, "लालची सवय झाली हो त्यांना. निळ्याला भितात म्हणे आता." बाटलीपासून हातभर अंतरावर एक तांबडं कुत्रं मुटकुळं करून निवांत झोपलं होतं.

गंमत अशी की याच ओट्यावर कुणीतरी हमखास सांगतं, कुत्र्यामांजरांना सगळं काळं-पांढरंच दिसतं. मग लालला ती भितील कशी, हे कुणी विचारत नाही. दोन्ही समजुती चुकीच्याच. पण बाटलीची समजूत ओट्यावरची आहे, काळ्या-पांढऱ्याची मात्र थेट प्रयोगशाळेतून आलेली आहे, आणि तिच्यामागे चांगली शहाणी माणसं उभी आहेत.

सुरुवात डोळ्यापासून करू. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन जातींच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, त्यांना रंगाचं काही पडलेलं नसतं. शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो आणि रंग कळतो तो त्यांच्यामुळे. ही वाटणी जर्मन शास्त्रज्ञ माक्स शुल्त्से यांनी 1866 मध्ये मांडली, तीही घुबडासारख्या निशाचर प्राण्यांचे आणि दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांचे डोळे शेजारी शेजारी ठेवून. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत दंडपेशींचा भरणा मोठा. त्यावरून या प्राण्यांना रंग नसावाच, हा तर्क करणं सोपं होतं.

मग प्रयोग सुरू झाले. इंग्लंडमध्ये सर जॉन लबॉक यांनी 1880 च्या दशकात आपल्या व्हॅन नावाच्या पूडल कुत्र्याला अक्षरं लिहिलेले पुठ्ठे उचलून आणायला शिकवलं. भूक लागली की 'अन्न' लिहिलेला पुठ्ठा आणायचा, असा तो खेळ. रंगीत पुठ्ठ्यांवर मात्र गाडी अडली, व्हॅनला रंग जुळवणं जमेना. पुढे रशियात, लाळेच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत लिओन ओर्बेली यांनी 1908 च्या सुमारास कुत्र्यांची दृष्टी तपासली आणि कुत्र्याला रंगभेद कळत नाही, असा कौल दिला. 1915 मध्ये अमेरिकेत डिव्हॉस आणि गॅनसन यांनी मांजरांनाही रंगांध ठरवलं. कुत्र्यांवर लिहिणारे अमेरिकी लेखक विल ज्यूडी यांनी 1937 च्या आपल्या पुस्तकात कुत्र्याचं जग काळ्या-करड्या छटांचं असावं असं लिहिलं, आणि प्रयोगशाळेतली गोष्ट घरोघरी गेली. एकदा ओट्यावर पोचलेली गोष्ट परत प्रयोगशाळेत जात नाही.

यांतला कुणी लबाडी करत नव्हता. अडचण दुहेरी होती. लाल आणि हिरवा पुठ्ठा प्राण्यासमोर धरला, तर त्यांत रंगाचा फरक असतो तसाच उजळपणाचाही असतो. प्राण्याने बरोबर पुठ्ठा निवडला तरी तो रंग ओळखून की गडद-फिका ओळखून, हे सांगता येत नाही. आणि जी छटा आपल्याला दुसरीइतकीच उजळ वाटते ती कुत्र्यालाही तशीच वाटेल, याची हमी नाही. दुसरी अडचण जास्त चिवट. प्राण्याला दिसत नाही आणि प्राण्याला त्याची फिकीर नाही, या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. हाक ऐकू आलेली असते, कान वळलेला असतो, पण मान वळत नाही.

मांजरांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. 1954 पर्यंत त्यांना रंग दिसत नाही असे निष्कर्ष छापून येत होते. 1964 मध्ये सेक्झर आणि ब्राऊन यांनी चिकाटी धरली. मांजराने रंग ओळखायला शिकलं, पण हजारावर वेळा तोच धडा गिरवून घेतल्यावर. माकड असा धडा लवकर शिकतं. मांजरालाही तो येत होता, फक्त त्यात आपला काय फायदा हे त्याला पटत नव्हतं, असं मी म्हणेन. शास्त्रज्ञ असं लिहीत नाहीत. 1978 मध्ये आणखी एक धागा सापडला. रंगाचा ठिपका लहान असला तर मांजर गोंधळतं, मोठा केला तर त्याला फरक कळतो. म्हणजे जुन्या प्रयोगांपैकी काही केवळ पुठ्ठा लहान पडल्यामुळे फसले असणार.

कुत्र्याचा निकाल लागला 1989 मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या प्रयोगशाळेत जे नाइट्झ, टिमोथी गाइस्ट आणि जेरल्ड जेकब्स यांनी तीन कुत्री घेतली. त्यांतली दोन इटालियन ग्रेहाउंड, म्हणजे आपल्या जतकडच्या धनगरांच्या कारवान कुत्र्यासारखी सडपातळ आणि लांब पायांची, फक्त चणीने लहान. तिसरं पुन्हा पूडलच. समोर उजेडाच्या तीन खिडक्या, दोन सारख्या, एक वेगळ्या रंगाची. वेगळीला नाक लावलं की खाऊ. उजेड दर वेळी कमी-जास्त करायचा, म्हणजे उजळपणावरून अंदाज बांधायची सोय उरत नाही. हजारो फेऱ्यांनंतर चित्र साफ झालं. कुत्र्याला रंग दिसतात. फक्त आपल्या शंकुपेशी तीन जातींच्या, त्याच्या दोन. प्रकाशाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात आणि तिच्यावरून रंग ठरतो. एक जात 429 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देते, दुसरी 555 च्या आसपासच्या पिवळट हिरव्याला. मधे 480 च्या जवळ, निळसर हिरव्यापाशी, त्याला रंगच वाटत नाही, करडं-पांढरं दिसतं. मांजराचंही गणित जवळपास हेच आहे.

हे आकडे कळायला हळदी-कुंकवाचं तबक पुढ्यात घ्या. विड्याचं पान, हळद आणि कुंकू. आपल्याला तीन रंग दिसतात. या तिन्हींतून कुत्र्याची निळ्याची पेशी जवळजवळ गप्पच राहते, बोलते ती दुसरी एकटीच. म्हणून त्याला तिन्ही एकाच घरची दिसतात: हळद लखलखीत पिवळी, पान मळकट पिवळं, कुंकू काळपट, ओल्या मातीसारखं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या वेळी ढिगांभोवती जी कुत्री हिंडतात, त्यांच्या डोळ्यांपुढची हळद आपल्या हळदीहून फार वेगळी नसावी. पालीच्या खंडोबाच्या यात्रेतला भंडाराही तसाच. खंडोबाचं वाहन घोडा, पण सोबतीला कुत्रं असतंच, आणि त्या कुत्र्याला नेमका देवाचा रंग नीट दिसतो. गणपतीतला गुलाल त्याच्या वाट्याला येत नाही.

बैलाचंही तेच. बेंदराला आपण त्याच्या शिंगांना हिंगूळ लावतो ते आपल्या हौसेसाठी, कारण त्याच्याही डोळ्यांत दोनच जातींच्या शंकुपेशी आहेत. लाल फडक्याने तो बिथरतो ती फडकं हलतं म्हणून.

दोनच का, याचं उत्तर फार मागे जातं. मासे, सरडे, पक्षी यांच्या मूळ घराण्यात शंकुपेशींच्या चार जाती होत्या. अंगणातल्या कोंबडीला आजही तिच्या मालकिणीपेक्षा जास्त रंग दिसतात. डायनासोरांच्या काळात सस्तन प्राणी जीव मुठीत धरून रात्री हिंडत होते. अंधारात रंगांचा उपयोग नाही, तेव्हा त्यातल्या दोन जाती गळाल्या. आपल्या वानरकुळात सुमारे तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची जास्तीची प्रत तयार होऊन तिसरी जात परत आली. पानांत दडलेली पिकली फळं शोधायला ती उपयोगी पडली, असं पुष्कळांचं मत आहे. कुत्र्यामांजरांनी रात्रीचाच धंदा पुढे चालवला. त्यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो, तो निसटलेला उजेड पुन्हा पेशींवर फेकतो. रात्री गाडीच्या दिव्यात त्यांचे डोळे चमकतात ते त्यामुळेच.

दिसतं, पण वापरतात का? 2013 मध्ये रशियातल्या संशोधकांनी आठ कुत्र्यांना मांसाचा डबा रंगीत कागदावरून ओळखायला शिकवलं, म्हणजे गडद पिवळा किंवा फिका निळा. मग उलटापालट केली, पिवळा फिका आणि निळा गडद. कुत्री बहुतेक वेळा रंगाच्या मागे गेली, उजळपणाच्या नाही. लबॉकचा व्हॅन इथे बसला असता तर त्याच्या नावावरचा डाग कदाचित धुऊन निघाला असता. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये दिसून आलं की कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांतलं भिंग अतिनील प्रकाशही बराच आत सोडतं. आपलं भिंग तो अडवून धरतं.

हे सगळं मी काकूंना थोडक्यात सांगितलं. लाल बाटली त्याला मातकट दिसत होती, निळी मात्र चांगली निळी दिसते, आणि रंगाला भिण्याचं त्याला काहीच कारण नाही. नवी वस्तू म्हणून दोन दिवस बिचकला असेल तेवढंच. काकूंनी ऐकून घेतलं. "म्हणजे निळी दिसते ना त्याला? मग झालं की," म्हणाल्या, आणि झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून बाटली जरा त्याच्या तोंडासमोर सरकवून ठेवली.